पत्त्यात नसलेलं जनावर

वराहमिहिराच्या 'बृहत्संहिते'त कुत्र्याच्या लक्षणांचा एक छोटा अध्याय आहे. सहाव्या शतकातला हा ज्योतिषी सांगतो, की ज्या कुत्र्याच्या तीन पायांना पाच-पाच नखं आणि पुढच्या उजव्या पायाला सहा, ओठ आणि नाकाचा शेंडा तांबूस, चाल सिंहाची, शेपटी झुपकेदार, डोळे अस्वलासारखे, कान लोंबते आणि मऊ, आणि जो जमीन हुंगत चालतो, तो कुत्रा पाळणाऱ्याच्या घरी लक्ष्मी आणतो. कुत्री असेल तर सहावं नख डाव्या पायाला हवं. गाय-बैल, कोंबडा, कासव, बोकड, घोडा, हत्ती यांचेही अध्याय त्याला लागूनच आहेत. कोणतं जनावर उंबऱ्याच्या आत घ्यावं आणि कोणतं बाहेरच ठेवावं, हा पेच दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसालाही पडत होता आणि त्याचं उत्तर तो खुणांमध्ये शोधत होता.

आज तोच पेच अमरावतीच्या राजापेठेत किंवा अकोल्याच्या जठारपेठेत एखाद्या फ्लॅटच्या बैठकीत येऊन बसतो. मोबाइलवर दोन पिल्लांचे फोटो असतात. एक तपकिरी, एक काळं. किंवा एकीकडे लॅब्रॅडोर आणि दुसरीकडे पर्शियन मांजर. मुलीला एक हवं असतं, आईला दुसरं आणि बाबांना कुठलंच नको असतं. अशा वेळी पूर्वी देवापुढे दोन चिठ्ठ्या टाकून घरातल्या सगळ्यात लहान पोराला एक उचलायला सांगायचे. आता कुणीतरी टॅरोवाल्या ताईंचा नंबर देतं. लग्न, नोकरी, फ्लॅटचा व्यवहार आणि परदेशातला व्हिसा यांच्या रांगेत पाळीव प्राण्याचा प्रश्नही जाऊन उभा राहिला आहे.

पद्धत साधारण अशी. अठ्ठ्याहत्तर पत्ते पिसले जातात. पहिल्या पिल्लाच्या नावानं डावीकडे दोन-तीन, दुसऱ्याच्या नावानं उजवीकडे तेवढेच आणि मधे एक पत्ता तुमच्यासाठी ठेवला जातो. मग एकेक उलटून वाचायचं. डावीकडे हसरा सूर्य निघाला आणि उजवीकडे कोसळणारा मनोरा निघाला, तर उजवीकडचं पिल्लू बहुधा गेलंच. 'डेथ'चा पत्ता निघाला तर वाचणारी व्यक्ती समजावते, की याचा अर्थ मरण नव्हे, एका टप्प्याचा शेवट आणि बदल. पण पांढऱ्या घोड्यावरचा सांगाडा एकदा डोळ्यांसमोर आला, की आजीच्या मनातून तो जात नाही. ज्या पिल्लाच्या नावानं तो निघाला, त्याला घरात घ्यायला कुणी धजावत नाही.

या पत्त्यांत प्राणी पुष्कळ आहेत, हे मात्र खरं. आज जगभर सगळ्यात जास्त वापरला जाणारा संच १९०९ साली लंडनमध्ये रायडर प्रकाशनानं काढला. मजकूर आणि कल्पना आर्थर एडवर्ड वेट यांची, चित्रं पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीची. तिनं कड्याच्या टोकावर बेफिकीर उभ्या असलेल्या पोराच्या पायाशी उड्या मारणारं पांढरं कुत्रं काढलं. चंद्राच्या पत्त्यात एक कुत्रा आणि एक लांडगा शेजारी उभे राहून वर बघतात. 'क्वीन ऑफ वाँड्स' म्हणजे दंडधारी राणी, तिच्या पायाशी काळं मांजर बसलं आहे. दहा नाण्यांच्या पत्त्यात एक म्हातारा नक्षीदार अंगरखा घालून बसलाय, त्याच्याजवळ दोन पांढरी कुत्री आहेत आणि एक लहान मूल हात पुढे करून त्यातल्या एकाला स्पर्श करतंय. पामेलाला जनावरं कळत होती, असं हे चित्र पाहताना वाटतं. त्या दोन कुत्र्यांना चित्रातलं तरुण जोडपं दिसतच नाही, त्यांचं सगळं लक्ष म्हाताऱ्याकडे आहे. घरातल्या म्हाताऱ्या माणसाजवळ कुत्रं कसं बसतं, हे ज्यानं पाहिलंय त्याला हे पटेल.

पण हे पत्ते भविष्यासाठी जन्मले नाहीत. पंधराव्या शतकात उत्तर इटलीतल्या मिलान-फेरारासारख्या दरबारांत ते खेळासाठी रंगवले गेले. आपल्याकडे सावंतवाडीत गंजिफाचे गोल पत्ते रंगवतात, तसाच तो प्रकार. दशावतारी गंजिफात एकशे वीस पत्ते असतात, त्यात मत्स्य, कूर्म आणि वराह हेही आहेत. पण त्यावर कुणी जनावराची पारख केली नाही. टॅरोला गूढाचं वलय चढलं ते अठराव्या शतकात. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलॅं या फ्रेंच लेखकानं हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचं ज्ञान असल्याचं लिहून टाकलं. पुरावा काहीच नव्हता. त्याच काळात पॅरिसमध्ये 'एतेला' या नावानं वावरणाऱ्या एका गृहस्थानं पत्ते वाचण्याचा धंदा थाटला. तिथून हा प्रवास आपल्या मोबाइलपर्यंत आला.

वऱ्हाडाला मात्र कौल मागण्यासाठी फ्रान्सकडे बघायची कधी गरज पडली नाही. बुलढाणा जिल्ह्यात जळगाव जामोद तालुक्यात भेंडवळ आहे. अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी तिथे शेतात घट मांडतात. भोवती गोलाकार अठरा धान्यं, मधल्या खड्ड्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांची चार ढेकळं, त्यावर पाण्याची घागर, घागरीवर पापड, कुरडई, वडा, भजी, करंजी आणि पान-सुपारी. रात्रभर तिथे कुणी थांबत नाही. पहाटे वाघ घराण्यातली माणसं येऊन कोणतं धान्य किती विखुरलं, ढेकूळ किती भिजलं हे बघून पाऊस, पीक, चारा आणि राज्यकारभार यांची भाकितं सांगतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम करणारे कार्यकर्ते या भाकितांना आव्हान देत आले आहेत, आणि तरी त्या पहाटे दूरदूरचे शेतकरी तिथे असतात. पेरणीपूर्वीची ती भीती मी घराघरांत पाहिली आहे. तिची टर उडवावी असं मला कधी वाटलं नाही.

भाकितात जनावरालाच कामाला लावायची रीतही आपली. गुबुगुबु वाजवत येणारा नंदीवाला, झूल घातलेला बैल आणि 'यंदा पाऊस पडंल का' या प्रश्नाला हलणारी त्याची मान. यात्रेतला पोपटवाला पिंजऱ्याचं दार उघडायचा, पोपट बाहेर येऊन पाकिटांच्या ओळीतून एक ओढायचा, मालक त्यातलं चित्र दाखवून नशीब सांगायचा आणि पोपट एक दाणा घेऊन परत आत जायचा. तेव्हा पोपट आपल्यासाठी पत्ता काढत होता, आता आपण पोपटासाठी पत्ता काढतो. दोन्ही वेळा पोपटाला कुणी विचारलं नाही. आणि आता तर कायदाही स्पष्ट आहे. आपला देशी राघू असो की मोठा पहाडी पोपट, वन्यजीव संरक्षण कायद्यानं दोन्ही संरक्षित आहेत आणि त्यांना पिंजऱ्यात ठेवणं गुन्हा आहे. चांदणी कासवाचंही तेच. आफ्रिकन ग्रे, मकाव असे परदेशी पक्षी ठेवणाऱ्यांना २०२४ च्या नियमांनुसार केंद्राच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. 'पोपट घेऊ की कासव' या प्रश्नाचा पत्ता उलटायच्या आधीच त्याचं उत्तर कायद्यानं देऊन ठेवलं आहे.

पण वऱ्हाडात जनावर निवडण्याची खरी विद्या ना भेंडवळच्या शेतात आहे, ना नंदीच्या मानेत. ती बैलबाजारात आहे. टॅरोशी तिची तुलना करायची तर तिच्याजवळ जरा वेळ थांबायला हवं.

बैल घ्यायला आलेला जाणता माणूस बाजारात शिरल्याबरोबर बोलत नाही. तो आधी लांबून एक चक्कर मारतो. बैल उभा कसा राहतो, चारी पायांवर सारखा भार देतो की एखादा पाय सैल सोडतो, रवंथ करतो का, कान हलवतो का, एवढं लांबूनच दिसतं. मग जवळ जाऊन एक हात नाकाशी आणि दुसऱ्या हातानं खालचा ओठ ओढून दात बघतो. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात, खाली आठ असतात. दुधाचे असेपर्यंत तो आदत. दोन-अडीच वर्षांनी मधली जोडी पडून पक्के दात आले की दोनदाती, पुढे चारदाती, सहादाती आणि पाचव्या वर्षाच्या आसपास आठही भरले की जुळला. हेडी, म्हणजे गुरांचा व्यापारी, तोंडानं काहीही वय सांगो, दात खोटं बोलत नाहीत. मग खांदा चाचपायचा, जुवानं सुजलेला किंवा घट्टा पडलेला आहे का ते पाहायचं. डोळ्यासमोरून हात फिरवायचा. खूर उचलून फट बघायची. आणि शेवटी चालवायचा. चालताना मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर किंवा त्याच्याही पुढे पडला तर बैल चालीचा, मागेच राहिला तर आळशी किंवा कंबरेत कमजोर.

एवढं सगळं झाल्यावर भोवरे आणि गोम यांची पाळी येते. अंगावरचे केस जिथे गोल फिरतात तो भोवरा, जिथे केसांची उलटी रेघ उमटते ती गोम. कुठला भोवरा मालकाला चांगला, कुठला घरधन्याला खातो, जिभेवर काळा डाग असलेला बैल का नको, याची प्रत्येक गावात वेगळी यादी आहे. एकाच भोवऱ्याला एका गावात मान मिळतो आणि दहा कोसांवर त्याच भोवऱ्यासाठी हेडी किंमत पाडतो. माझा समज असा, की भोवऱ्याचा खरा उपयोग भाव पाडण्यासाठीच अधिक झाला. उपरण्याखाली बोटं दाबून सौदा चालतो, तेव्हा दाताबद्दल वाद घालता येत नाही, पण गोमेबद्दल हवा तितका घालता येतो.

आता परत वराहमिहिराकडे. पराशरानं बृहद्रथाला सांगितलेलं म्हणून त्यानं गाईबैलांची जी अशुभ लक्षणं दिली आहेत, ती नीट वाचली तर एक गोष्ट ध्यानात येते. डोळ्यांतून पाणी गळणारी, डोळे गढूळ आणि रुक्ष असलेली, शिंगं हलती आणि चपटी असलेली गाय अशुभ. उंदरासारख्या डोळ्यांची अशुभ. यातलं गळणारं पाणी, गढूळ डोळा आणि हलतं शिंग दाखवून अकोल्याच्या कुठल्याही पशुवैद्याला विचारा, तो म्हणेल हे जनावर आजारी आहे. म्हणजे शकुनाच्या यादीत निरीक्षण मिसळलेलं आहे. कुत्र्याच्या श्लोकातही तसंच. सहावं नख हा निव्वळ शकुन; कुत्र्याच्या मागच्या पायाला साधारणपणे चारच नखं असतात, त्यामुळे असं जनावर सापडणंच दुर्मीळ. पण दमदार चाल, तजेलदार शेपटी, जमीन हुंगत फिरणं ही निरोगी, चौकस कुत्र्याची वर्णनं आहेत. शकुन कितीही चुकीचा असो, तो पाहण्यासाठी माणसाला जनावराच्या अंगाला हात लावावा लागत होता. पाय उचलावा लागत होता, जबडा उघडावा लागत होता. गोम शोधता शोधता गोचीड दिसत होती, जखम दिसत होती.

टॅरोमध्ये हेच गळून पडलं. शकुन उरला आणि जनावर गेलं. व्हिडिओ कॉलवर पत्ते उलटणाऱ्या माणसानं ते पिल्लू पाहिलेलं नसतं, प्रश्न विचारणाऱ्यानंही पुष्कळदा फक्त फोटोच पाहिलेला असतो. पत्त्यावरचं कुत्रं शंभराहून अधिक वर्षं त्याच कड्यावर उडी मारत उभं आहे. ज्याच्याबद्दल निर्णय होतोय ते पिल्लू मात्र बडनेरा रोडवरच्या कुठल्याशा शेडमध्ये जुलाबानं मरगळलेलं असू शकतं, आणि ते कुठल्याच पत्त्यात दिसणार नाही. माझा आक्षेप आहे तो इथे.

कुणी म्हणेल, पण पत्ते खरे ठरतात त्याचं काय? खरे वाटतात, हे खरं. १९४८ साली अमेरिकेत बर्ट्रम फोरर या मानसशास्त्रज्ञानं आपल्या विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचं वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी त्या वर्णनाच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. वर्णन सगळ्यांना एकच होतं, आणि ते त्यानं ज्योतिषाच्या एका बाजारू पुस्तकातून उचललं होतं. आपल्याकडे जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांनी मिळून फलज्योतिषाची चाचणी घेतली, ती २००९ साली 'करंट सायन्स'मध्ये प्रसिद्ध झाली. हुशार मुलांच्या शंभर आणि मतिमंद मुलांच्या शंभर अशा दोनशे कुंडल्या होत्या. एकावन्न ज्योतिषी तयार झाले, प्रत्येकाला चाळीस कुंडल्या दिल्या, सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नाणं उडवलं असतं तरी पन्नासाच्या आसपास आली असती. ती कुंडलीची चाचणी होती, पत्त्यांची नव्हती. पण जन्मवेळेवर बांधलेलं एवढं शास्त्र जिथे टिकलं नाही, तिथे पिसलेल्या पत्त्यांना काळ्या आणि तपकिरी पिल्लातला फरक कळेल, असं मानायला आधार नाही.

नाण्याची गोष्ट निघाली तर दुसरी बाजूही सांगायला हवी. अमेरिकी अर्थतज्ज्ञ स्टीव्हन लेविट यांनी निर्णयात अडकलेल्या लोकांना नाणं उडवू दिलं. नोकरी सोडू का, नातं तोडू का, असले प्रश्न. वीस हजारांहून अधिक नाणी उडवली गेली. ज्यांना नाण्यानं 'बदल कर' म्हटलं, त्यांनी बदल करण्याचं प्रमाण वाढलं, आणि सहा महिन्यांनी बदल केलेले लोक सरासरी अधिक समाधानी होते. म्हणजे अडलेल्या माणसाला एखादा धक्का उपयोगी पडतो. तो पत्त्यानं दिला की नाण्यानं, याला महत्त्व नाही. टॅरोवाल्या पुष्कळ जणी हेच सांगतात, की पत्ता तुमच्याच मनातलं बाहेर काढतो. मला ते मान्य आहे. बरेचदा तासभर शांतपणे बोलायला दुसरं कुणी नसतं, आणि त्या तासाचेच पैसे माणूस देत असतो. पण लेविट यांच्या नाण्यात निर्णयाचा भार उडवणाऱ्यावरच होता. इथे दुसरा जीव आहे. तो कुत्रा असेल तर दहा-बारा वर्षं आणि मांजर असेल तर पंधरा वर्षंही त्या निर्णयासोबत जगणार आहे.

आणि शास्त्रालाही इथे मर्यादा आहे, हे कबूल करायला हवं. पिल्लू पाहून मोठेपणीचा स्वभाव सांगण्याच्या चाचण्या आहेत. व्हिएन्नाच्या पशुवैद्यक विद्यापीठातल्या संशोधकांनी बॉर्डर कॉली जातीच्या पिल्लांची जन्मल्याबरोबर, मग दीड महिन्याच्या आसपास आणि पुढे मोठेपणी चाचणी घेतली. २०१४ साली निष्कर्ष आले, की पिल्लूपणीच्या वागण्यावरून मोठेपणीचं जवळपास काहीच सांगता येत नाही. एकच गोष्ट टिकून राहिली. जे पिल्लू नव्या जागेत जास्त हुंगत, शोधत फिरत होतं, ते मोठेपणीही तसंच राहिलं. हे वाचताना मला वराहमिहिराचा जमीन हुंगणारा कुत्रा आठवला आणि आनंद झाला. बाकीचं सारं घर, माणसं, खाणं आणि शिकवण यांवर आहे.

तेव्हा प्रश्न पिल्लाच्या नशिबाचा कमी आणि आपल्या घराचा जास्त. अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जाणं नवलाचं नाही. अमरावतीही फार मागे नाही. अशा गावात सायबेरियन हस्की आणणं हा त्या जनावरावर अन्याय आहे, मग त्याच्या नावानं सूर्याचा पत्ता निघो की चंद्राचा. चपट्या तोंडाच्या जातींचे हाल याहून वाईट. २००३ साली मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत पोराच्या मागे धावणारा पग आला आणि घरोघर पग पाहिजे झाला. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून अंग थंड करतो. पगला आणि पर्शियन मांजराला जन्मतःच श्वास घ्यायला जागा कमी. दुपारी चारला लोडशेडिंग झालं की त्यांचा जीव खालीवर होतो. गावठी कुत्रं त्याच उन्हात नालीच्या ओलाव्यात अंग टाकून संध्याकाळी पुन्हा ताजं होतं. शेकडो पिढ्या या मातीत काढल्यानं ते इथलं झालंय.

विकत घेणाऱ्यांसाठी नियमही आहेत, ते फारसे कुणी विचारत नाही. २०१७ च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही आणि पैदास करणाऱ्याकडे राज्य प्राणी कल्याण मंडळाची नोंदणी हवी. महिन्याभराचं पिल्लू 'लहानपणापासून लळा लागतो' म्हणून गळ्यात मारलं जातं. आईचं दूध आणि भावंडांबरोबरची चावाचावी तोडून आणलेलं असं पिल्लू पुढे चावकं निघालं, तर दोष त्याचा नाही. दिसायला टवटवीत असलं तरी पार्वो आणि डिस्टेंपरच्या लसी झाल्यात का, तिसऱ्या महिन्यानंतर रेबीजची लस कधी द्यायची, एवढं विचारायला भविष्यवेत्ता लागत नाही. महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाची स्नातकोत्तर पशुवैद्यक संस्था अकोल्यातच आहे. तिथे किंवा गावातल्या पशुवैद्याकडे दोन्ही पिल्लं एकदा दाखवून आणा. डोळे, हिरड्या, पोट आणि हृदयाचे ठोके बघून वैद्य जे सांगेल, ते सगळे पत्ते मिळून सांगणार नाहीत.

रंगाचं एक वेगळंच दुःख आहे. काळं मांजर आडवं गेलं की पाच पावलं मागे येणारा आपला समाज शनिवारी काळ्या कुत्र्याला पोळी घालायला मात्र गल्लीभर फिरतो. म्हणजे काळ्या कुत्र्यानं आपली साडेसाती घालवावी, पण राहावं रस्त्यावर. पत्ते वाचताना हाच जुना रंगद्वेष नव्या भाषेत येतो. काळ्या पिल्लाबद्दल मन आधीच कचरलेलं असतं, मग कुठलाही पत्ता निघाला तरी त्यात ऊर्जा जड दिसते.

असल्या समजुतींशी आयुष्यभर झगडलेला एक माणूस वऱ्हाडातलाच. डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. वडील गेल्यावर ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला मामांकडे वाढले. गुरं राखणं आणि नांगर धरणं यांतच त्यांचं बालपण गेलं. पुढे तेच गाडगेबाबा झाले. देवाच्या नावानं कोंबडा-बकरा कापण्याविरुद्ध त्यांनी आयुष्यभर कीर्तनं केली, पूर्णेकाठच्या ऋणमोचनच्या यात्रेत खराटा चालवला. आपल्या मुलीच्या बारशाला मटण आणि दारूची रीत मोडून त्यांनी गोडाचं जेवण घातलं, तेव्हा जातभाईंचा रोष पत्करला. त्यांना गुरांचं जे कळत होतं, ते पोथीतून आलेलं नव्हतं. गुरांमागे उन्हातान्हात चालून ते आलं होतं. देवाच्या नावानं मुक्या जिवाचा निर्णय माणसानं परस्पर घेऊ नये, हे सांगण्याचा त्यांचा अधिकार तिथून येतो. आपल्या वऱ्हाडाजवळ हा वारसा आहे. पिल्लू निवडताना तो आठवायला हरकत नाही.

आणि बैलबाजाराची आणखी एक रीत आहे, जी मला या सगळ्या प्रश्नावरचं सगळ्यात शहाणं उत्तर वाटते. दात, खांदा, खूर, चाल, भोवरा सगळं पाहून झालं तरी जाणता शेतकरी पूर्ण पैसे मोजत नाही. तो विसार देतो आणि बोली करतो, की दोन-चार दिवस जुपून पाहीन, खोट निघाली तर परत. "पहिले जुपून पाय, मंग बोल," हे वऱ्हाडी बोलणं त्या बाजारातलंच. बैल मारका आहे का, पाण्यात बसतो का, जोडीदाराला ओढ देतो की मागे राहतो, हे कुठल्याच खुणेत नसतं. ते शेतात कळतं. बैलालाही नवा मालक तेव्हाच कळतो. २०१५ पासून राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे चुकीचा घेतलेला बैल पटकन गळ्यातून काढणं आणखी अवघड झालंय आणि ही जुपून पाहायची बोली आणखी महत्त्वाची.

पाळीव जनावरासाठी हीच रीत आज उपलब्ध आहे. रस्त्यावरच्या पिल्लांना सांभाळणारे तरुण अमरावतीतही आहेत आणि अकोल्यातही. पिल्लाला कायमचं घर मिळेपर्यंत काही दिवस सांभाळणारी घरं त्यांना सतत हवी असतात. दोनपैकी एक निवडता येत नसेल तर एकाला पंधरा दिवस घरी आणा. रात्री कोण उठतं, फरशी कोण पुसतं, आजीला त्याचा त्रास होतो की आजीच त्याला मांडीवरून उतरू देत नाही, हे सगळं त्या पंधरा दिवसांत स्पष्ट होतं. नाहीच जमलं तर ते पिल्लू चार दिवस माणसात राहून, एक लस घेऊन, थोडं बाळसं धरून पुढच्या घरी जातं. त्याचं नुकसान होत नाही. पण एकदा कायमचं आपलं म्हटलं की मग माघार नाही. सर्वोच्च न्यायालयानं २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात भटकी कुत्री दत्तक घ्यायची असतील तर पालिकेकडे अर्ज करण्याची मुभा दिली. त्याच आदेशात असंही बजावलं, की दत्तक घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची.

ज्यांना पत्ते आवडतात त्यांनी ते जरूर काढावेत. चित्रं सुंदर आहेत आणि स्वतःशी बोलायला ती मदत करतात. फक्त 'काळं घेऊ की तपकिरी' हा प्रश्न त्यांना विचारू नका. पोरगी दोन वर्षांनी पुण्याला शिकायला गेली की याला फिरवणार कोण, महिन्याचा खर्च कुणाच्या खात्यातून जाणार, घरमालक काय म्हणेल आणि चैत्र-वैशाखात दुपारभर ते कुठे पडेल, हे प्रश्न समोर ठेवून पत्ता उलटा. उत्तर तुमचं तुम्हालाच द्यावं लागेल, आणि ते घरातल्या सगळ्यांसमोर मोठ्यानं दिलेलं बरं.

दरवर्षी वसुबारस आली की दिवाळी सुरू होते. या दिवसांत मुलं पिल्लाचा हट्ट धरतात आणि आपण हौसेनं पुरवतो. त्या आठवड्यात नवं जनावर घरी आणू नका. फटाक्यांच्या आवाजानं बिथरून पळालेलं पिल्लू अनोळखी गल्लीत घर शोधू शकत नाही. तुळशीचं लग्न होऊ द्या, आवाज थांबू द्या, मग जा. दोन्ही पिल्लांसमोर जमिनीवर बसा, त्यांना हुंगू द्या, दात-डोळे बघा, वैद्याला दाखवा आणि एकाला पंधरा दिवसांसाठी घरी घेऊन या.